थंड गाडी, तापलेला मालक

सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी सुरू झाली, की पहिलं मिनिटभर तिचा सूर चढाच लागतो. काटा १२००-१५०० फेऱ्यांवर, सायलेन्सरमधून घोगरा दम, बॉनेटखाली टकटक. वर एखादी खिडकी आपटून बंद होते आणि खाली मालक, खात्री असावी म्हणून, अ‍ॅक्सिलरेटर आणखी दोनदा दाबतो. आवाज इथे दोन आहेत, एक गाडीचा आणि एक मालकाचा. आपण दोघांवर एकच खटला भरतो आणि शिक्षा नेमकी निरपराध्याला देतो. माझं म्हणणं एवढंच, की चारचौघांत आवाज करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: आवाजाला कारण आहे का, आणि कारण संपल्यावर तू गप्प बसतोस का? थंड इंजिन या दोन्ही कसोट्यांना उतरतं. आपल्या सार्वजनिक जीवनात असं उदाहरण विरळाच.

आधी थंडी म्हणजे काय ते ठरवू. पुणेकराला जानेवारीत १० अंशांना थंडी वाजते, मुंबईकर २० अंशांतही स्वेटरला हवा दाखवून घेतो. इंजिनाच्या लेखी सुखाचं तापमान म्हणजे ९० अंशांच्या आसपासचं कूलंट. या हिशेबाने नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर असताना, घरातली माणसं कुलरसमोरची जागा अडवून बसलेली असताना, दारातली गाडी मात्र गारठलेली असते. गार धातूला लागून पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं भिंतींनाच चिकटतं आणि जळायच्या वेळी गैरहजर राहतं. म्हणून सेन्सरने तापमान कळवताच गाडीचा संगणक पेट्रोल सढळ हाताने सोडतो आणि फेरे वाढवतो. रात्रभर खाली उतरून बसलेलं घट्ट ऑइल वर पोचेपर्यंत टॅपेट वाजतात. अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन गार असताना सिलिंडरमध्ये किंचित सैल असतात, तेही कुरकुरतात. तापून फुगले की गप्प होतात.

पण चढ्या सुरामागचं मोठं कारण पुढेच आहे. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा सराफाच्या तोंडाला पाणी सुटावं अशा धातूंचा मुलामा. विषारी वायू निरुपद्रवी करणं हे त्याचं काम. पण अंगात २५०-३०० अंशांची ऊब आल्याशिवाय हा साहेब फायलीला हात लावत नाही, आलेला धूर तसाच पुढे सरकवतो. त्याला लवकर तापवायचं म्हणून संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो, फेरे चढवतो आणि जास्त गरम धूर तिकडे धाडतो. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. युरोपात २००० पूर्वी चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरची पहिली ४० सेकंदं धूर मोजतच नसत. सगळ्यांत घाण धूर निघायचा तेव्हा परीक्षक नाक दाबून उभे! युरो-३ ने ही सवलत काढून घेतली आणि गाड्यांना पहिल्या सेकंदापासून शहाणं होणं भाग पडलं. सकाळचा गलका हा त्या शहाणपणाचा आवाज आहे. त्याचा कानांना त्रास होतो हे मान्य. पण कान आणि फुफ्फुसं एकाच रहिवाशाची असतात.

आता आक्षेप. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, चांगली रेस देऊन तापवल्याशिवाय गाडी हलवू नये. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरच्या काळात यात तथ्य होतं. चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, गाडी बंद पडू नये म्हणून पायाने किती दम द्यायचा, हे सगळं माणसालाच बघावं लागे, आणि जमणाऱ्याला घरात मान असे. इंजेक्शनच्या गाड्या आल्या, चोकची मूठ गेली, ते पद रद्द झालं. पाय मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. थंड इंजिनाला जोरात रेस दिली, तर ऑइलचा थर नीट बसण्याआधीच धातूवर धातू घासण्याची भीती. अर्धा-एक मिनिट थांबून निघावं आणि पहिले काही किलोमीटर पाय हलका ठेवावा. चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं, शिवाय गिअरबॉक्स आणि टायरही तापतात; उभ्या गाडीचे टायर कितीही रेस दिली तरी गारच. दहा मिनिटं गाडी तापवणारा शंभरेक मिलिलिटर पेट्रोल जाळून शून्य किलोमीटर जातो. शोरूममध्ये मायलेजवरून सर्वांत जास्त हुज्जत घालणारा बहुधा हाच.

कुणी विचारेल, मग गाडी कितीही ओरडली तरी कौतुकच करायचं का? नाही; दुसरा प्रश्न त्यासाठीच आहे. तापल्यावर काटा ७००-९०० पर्यंत उतरला पाहिजे. नाही उतरला, तर व्हॅक्यूमची नळी फाटलेली असेल, थ्रॉटल बॉडी मळलेली असेल, किंवा सेन्सर धादांत खोटं बोलत असेल. टकटक थांबत नसेल तर ऑइल बघावं आणि मेकॅनिक गाठावा. राहता राहिला रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला शेजारी. त्याला कन्व्हर्टर समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्याची तक्रार रास्त आहे आणि उपाय सोपा आहे. डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार, मोबाइलवर रस्ता शोधणं, विसरलेला डबा आणायला मुलाला वर पिटाळणं, हे सगळं गाडी सुरू करण्याआधी उरकता येतं. देव थंड इंजिनालाही पावतो.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असं आशावादी लोक सांगतात. इंजिनाचा आवाज मिटेल, खरं आहे. पण रिव्हर्स टाकताच अख्ख्या आवाराला गाणं ऐकवणारा भोंगा आणि वॉचमनने गेट उघडेपर्यंत दाबून धरलेला हॉर्न विजेवरही तितक्याच निष्ठेने वाजतील. त्यांना कारण विचारावं तर सांगता येत नाही, आणि थांबायचं कधी हे सांगणारा सेन्सरही नाही. माणसाला थर्मोस्टॅट बसवायची सक्ती बीएस-६ मध्येही नाही. तोवर सोसायटीला फलक लावायचाच असेल, तर ‘गाड्यांचा आवाज करू नये’ असा मोघम मजकूर नको. ‘गाडीच्या कामात कोणी पाय खुपसू नये’ एवढं पुरे.