पासपोर्टविना परदेशशिक्षण : फर्दापूर अभ्यासक्रमाची मार्गदर्शिका

मुलगा एमबीएच्या पहिल्या वर्षाला गेला की घरात एक गुळगुळीत माहितीपत्रक येतं. वर काचेच्या इमारती, मधोमध ‘ग्लोबल इमर्शन’ आणि तळाशी बारीक अक्षरात शुल्क. आठवडाभर दुबई नाहीतर सिंगापूर, दोन कंपन्यांना भेटी, एक व्याख्यान, उरलेला वेळ मॉल. परतल्यावर मुलगा गप्पांना ‘नेटवर्किंग’ म्हणू लागतो आणि बाप मुदतठेव मोडल्याचं कुणाला सांगत नाही. अशा पालकांसाठी आम्ही पर्यायी अभ्यासक्रम सुचवत आहोत. केंद्र : फर्दापूर, तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. व्हिसा लागत नाही. लाल परी लागते.

प्रवेशप्रक्रिया सोपी आहे. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी गाडी धरावी. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव मागे टाकून गाडी घाट उतरली की शंभरेक किलोमीटरवर कंडक्टर ‘चला, लेणीवाले’ अशी हाक देतो. तो फर्दापूरचा टी-पॉइंट, लेण्यांकडे वळायचा फाटा. विमानतळावर उतरल्यासारखा चेहरा इथे करू नये, भाव वाढतो.

पहिला धडा तिकीट खिडकीवर. अजिंठ्याच्या लेण्यांसाठी भारतीयाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. एवढ्यावर वही मिटू नका. सार्क आणि बिम्सटेक देशांच्या नागरिकांनाही भारतीय दर लागतो. म्हणजे थायलंडचा भिक्खू ४० रुपये देतो, त्याच्या मागे उभा असलेला जपानी प्रवासी ६०० देतो, आणि दोघेही आलेले असतात एकाच बुद्धाला भेटायला. प्रादेशिक व्यापारगट म्हणजे काय, हे समजावायला प्राध्यापकांना दोन तास आणि अठ्ठावीस स्लाइड लागतात. इथे रांग पुढे सरकेपर्यंत समजतं. त्याच दिवशी मक्तेदारीही शिकून घ्यावी. धुराचा चित्रांना त्रास होऊ नये म्हणून खासगी गाड्या टी-पॉइंटलाच थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं. कारण पटण्यासारखं आहे. मक्तेदारीचं कारण नेहमीच पटण्यासारखं असतं.

आता मुख्य विषय : दगड.

टी-पॉइंटच्या दुकानांत तो मांडलेला असतो. बाहेरून वाळक्या गोवरीसारखा, उचलावासाही न वाटणारा. दुकानदार दोन अर्धुकं हातात घेतो, गिऱ्हाइकाकडे न बघता ती उघडतो आणि आतला जांभळा लखलखाट उन्हाकडे धरतो. मग तीन सेकंद गप्प बसतो. या तीन सेकंदांसाठी हार्वर्डमध्ये वेगळी फी घेतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले. विहीर खणताना, खदान फोडताना ते हाती लागतात. मोरपंखी अ‍ॅपोफिलाइट, साय-पिवळट स्टिलबाइट, गुलाबी ह्यूलंडाइट. दख्खनच्या या खनिजांना जगात मान आहे. अमेरिकेतल्या टूसॉनला आणि जर्मनीतल्या म्युनिकला दरवर्षी खनिजांच्या जत्रा भरतात, तिथे महाराष्ट्राचा माल टेबलावर असतो. आपल्याकडे तो पूर्वी बांधाच्या पलीकडे भिरकावून देत. निर्यातीचा इतिहास बहुतेक अशाच बांधापासून सुरू होतो.

विक्रीचं प्रात्यक्षिक नीट पाहावं. बसकडे निघालेल्या पाहुण्याच्या तळहातावर विक्रेता एक छोटा खडा ठेवतो. ‘नो मनी, गिफ्ट.’ पाठोपाठ स्वतःचं नाव आणि दुकानाचा नंबर. ‘रिटर्नमध्ये फक्त बघा.’ पाहुणा वर लेण्यांत दोन-तीन तास हिंडतो आणि तेवढा वेळ तो फुकटचा खडा त्याच्या खिशात जड होत जातो. खाली उतरताना पाय आपोआप त्या नंबराकडे वळतात. हा प्रकार त्रासदायक आहे, हे आम्ही लपवणार नाही. पाच जण पाच खडे घेऊन मागे लागले की बुद्धाची करुणाही कमी पडते. पण ज्यांनी फोनवर ‘पहिला महिना मोफत’ असं काही घेतलंय, त्यांनी नाक मुरडू नये.

भाषा विभाग स्वतंत्र नाही, तो गल्ल्यावरच चालतो. एका दुकानात आमच्या उमेदवाराने विचारलं, ‘काका, जपानी कुठं शिकलात?’

‘गिऱ्हाइकापाशी.’

‘क्लास नाही लावला?’

‘क्लासला पैसे आपण देतो बाबा. इथं तेच देऊन जातात.’

तेवढ्यात एक चमू आला. काकांनी ‘कोन्निचिवा’ म्हणून नमस्कार केला, भाव सांगून ‘यासुई, यासुई’ म्हणजे स्वस्त असल्याची ग्वाही दिली, आणि मंडळी तैवानची निघाल्यावर निमिषात ‘नी हाव’वर आले. चेहऱ्यावर ओशाळल्याची रेषाही नाही. माहितीपत्रकात याला ‘क्रॉस-कल्चरल अ‍ॅजिलिटी’ म्हणतात आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून देतात.

दुपारी लेण्यांत केस स्टडी. हार्वर्डच्या केस स्टडीला शंभर वर्षं झाली. या पाचव्या शतकातल्या आहेत. दोन क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. तो भिक्खू झाल्यावर भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, वादळात सापडला आणि पूर्णाच्या कृपेने वाचला. मग त्या चंदनातून बुद्धासाठी मंडप उभारला गेला. आयात, सागरी जोखीम आणि सीएसआर, सगळं एकाच भिंतीवर. तिथलं रंगवलेलं जहाज पाहा, शिडांखाली रांजण मांडलेले आहेत. मग सतराव्या लेण्यात जा. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे साथीदारांसह निघतो, जहाज फुटतं, बेटावर सुंदर बायका स्वागत करतात. यजमान फार गोड बोलू लागले की चौकशी करावी, एवढं भान एकट्या सिंहलाला येतं आणि पांढऱ्या उडत्या घोड्यावरून तो निसटतो. बायका राक्षसी असतात. परदेशी भागीदारीचा करार सही करण्याआधी संचालक मंडळाला या भिंतीसमोर पंधरा मिनिटं उभं करावं. आणि चित्रांतला तो गडद निळा? तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. पैठण-भोकरदनसारख्या बाजारपेठांच्या या मुलखात आयात कच्चा माल वापरणं तेव्हाही कमीपणाचं नव्हतं.

माजी परदेशी विद्यार्थ्यांची यादीही इथे ठेवलेली आहे, भिंतीवरच. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आला, त्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने स्वतःचं नाव कोरलं. परदेशी अभ्याससहलीची ही पहिली सेल्फी. त्याचा कित्ता गिरवू नये. आता गुन्हा दाखल होतो. रॉबर्ट गिल मात्र मन लावून शिकला. १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायचं काम त्याच्याकडे आलं, वर्षानुवर्षं तो इथेच राबला, नकला लंडनला गेल्या, आणि क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या बहुतेक सगळ्या १८६६ च्या आगीत जळाल्या. मालविम्याचा तास इथे घ्यावा. गिल मायदेशी परतलाच नाही, भुसावळला त्याची कबर आहे. आपण ज्याला ‘ब्रेन ड्रेन’ म्हणतो त्याची ही उलटी वाट, पण तिच्यावर कुणी परिसंवाद घेत नाही.

प्रकल्प-अर्थसाहाय्याचा पेपर ऐच्छिक ठेवला आहे, कारण तो जिव्हारी लागतो. जपानच्या कर्जातून इथे भव्य अभ्यागत केंद्र उभं राहिलं. १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती आत, म्हणजे मूळ लेण्यांवरची गर्दी हलकी व्हावी. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. कर्ज येनमध्ये, बिल रुपयात, आणि भरायचं कुणी, हा प्रश्न मराठीत. विद्यार्थ्यांनी यावर दोन पानी टिपण लिहावं. दीड पान रिकामं सोडलं तरी गुण मिळतील.

राहिली इंटर्नशिप. ती एका दुकानात, गल्ल्याच्या डाव्या बाजूला, स्टुलावर. पावसाळ्यात ढग बघायचे, ऑक्टोबर ते मार्च माणसं. कोविडमध्ये महिनोन् महिने लेणी बंद होती तेव्हा या दुकानांनी काय विकलं, हे विचारायला विसरू नये. उत्तर ऐकून ‘रिस्क डायव्हर्सिफिकेशन’ हा शब्द उच्चारायचा नाही, एवढं पथ्य पाळावं. कुणी शेतात गेलं, कुणी सिल्लोडला मिरचीच्या गोण्या उचलल्या.

परीक्षा तोंडी. उमेदवाराला एक दगड देतात आणि परतीच्या बसकडे निघालेल्या पाहुण्यांपुढे उभं करतात. आमचा उमेदवार ‘सर, मी तुम्हाला आमचा व्हॅल्यू प्रपोझिशन सांगतो’ इथून सुरू झाला. बस सुटली. काकांनी दगड परत घेतला, अर्धुकं जुळवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, ‘उघडून दाखवायचा राहिलाच की, राजा.’

अनुत्तीर्णांनी फेरपरीक्षेला मंगळवारपासून यावं. सोमवारी लेणी बंद असतात आणि त्या दिवशी दगड फक्त एकमेकांनाच विकता येतात.