चौथ्या तारखेचा डबा

आमच्या दाजींच्या बायपासला आतापर्यंत चार तारखा मिळाल्या. बायपास एकदाही झाली नाही.

पहिल्या तारखेला आम्ही 21 जण होतो. पासावर आत माणूस एकच सोडतात, त्यामुळे उरलेले 20 हॉस्पिटलच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर. कराडहून दोन गाड्या आल्या होत्या. एकीत नारळ, अंगारा आणि तीन देवस्थानांचा प्रसाद. दुसरीत एकट्या आत्याबाई आणि त्यांचं सामान. टपरीवाल्याने त्या दिवशी दूध दोनदा मागवलं.

चौथ्या तारखेला मी आणि ताई. टपरीवाल्यानेच विचारलं, "आज दोनच?"

ऑपरेशन पुढे गेलं की पेशंटचं दुखणं तसंच राहतं. नातेवाइकांची काळजी तेवढी ठणठणीत बरी होते.

पहिल्यांदा नडली साखर. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फिटनेस दिला नाही. आकडा 300 च्या पुढे. आता बायपासच्या आदल्या दिवशी साखर इतकी कशी वाढली? सोपं आहे. संध्याकाळी भेटायला आलेल्या प्रत्येकाने 'सगळं नीट होऊ दे' म्हणत हातावर पेढा ठेवला. दाजी देवभोळे. त्यांनी एकाही देवाला नाही म्हटलं नाही.

त्याच दिवशी आणखी एक गंमत. रात्री 12 पासून पेशंट 'एनबीएम', म्हणजे तोंडात पाण्याचा थेंबही नाही. आणि सकाळी 9 पर्यंत खोलीत डबे किती? सात. त्यातल्या दोनांत शिरा.

उपाशी मधुमेह्यासाठी शिरा. प्रेम आंधळं असतं, एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी तारीख. साखर ताब्यात, रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस आधी बंद, छातीवरचे केस काढून झालेले, हिरवा गाऊन अंगात. सकाळी 8 ला 'तयार ठेवा'. 10 ला 'थोडा वेळ'. 12 ला 'आत एक केस चालू आहे'. 2 वाजता कोणीच काही सांगेना. 4 वाजता सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "आजोबांना चहा-बिस्कीट द्या."

निकाल कळवायची ही आपली पद्धत. चहा-बिस्कीट आलं की समजायचं, तारीख गेली.

कारण विचाराल तर ते चोख होतं. सकाळीच एक अत्यवस्थ पेशंट आला, टेबल त्याला दिलं, नंतरचा आयसीयूतला बेडही त्यालाच. कोण नाही म्हणेल? दाजी स्वतः म्हणाले, "त्याचं आधी होऊ दे." तक्रार त्याची नाही. तक्रार ही की अत्यवस्थ पेशंट सकाळी 9 ला आला आणि दाजींना चहा मिळाला 4 ला. मधल्या सात तासांत ते एक वाक्य कुणाच्या तोंडात अडकलं होतं?

भूलशास्त्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हलकं खाणं सहा तासांपर्यंत चालतं, साधं पाणी दोन तासांपर्यंत. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना रात्री 12. सकाळी 8 चा पेशंटही 12 आणि दुपारी 3 चा पेशंटही 12. नियम एकच असला की डोकं चालवावं लागत नाही.

दाजींनी त्या दिवशी 16 तास उपास केला. एकादशीला ते साबुदाण्याच्या दोन बश्या खातात.

तिसऱ्या तारखेचं मात्र हॉस्पिटलवर ढकलता येणार नाही. ती करामत आमचीच. तारीख आली पितृपक्षात. आत्याबाईंनी कराडहून फोनवर नकाराधिकार वापरला. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्यात हे त्यांना मान्य होतं, पण पंधरा दिवसांनी त्या काय जास्त तुंबणार? वॉर्डातला मामा हसून म्हणाला, "याच पंधरवड्यात यायचं असतं साहेब. गर्दी नसते."

सगळ्या इमारतीतला सर्वांत शहाणा सल्ला. देणाऱ्याच्या हातात फिनेलची बादली होती.

चौथ्या तारखेला ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला. हेही आम्हाला मामाकडूनच कळलं. डॉक्टर राऊंडला आले तेव्हा त्यांनी 'तांत्रिक कारण' असं म्हटलं. मामा 'कॉम्प्रेसर गेला' म्हणाला. माहितीचा अधिकार असा मामाकडून वापरावा लागतो.

इंग्लंडात ठरलेलं ऑपरेशन रद्द होतच नाही, असं कुणी समजू नये. एनएचएसमध्येही रद्द होतात, रग्गड होतात. पण तिथे एक नियम आहे. ऐन दिवशी, पेशंटच्या तब्येतीशी संबंध नसलेल्या कारणाने ऑपरेशन रद्द झालं, तर 28 दिवसांच्या आत नवी तारीख द्यायची; नाही जमलं तर पेशंट म्हणेल त्या हॉस्पिटलात, हॉस्पिटलच्या खर्चाने. अशी किती रद्द झाली आणि कितींचे 28 दिवस उलटून गेले, याचे आकडे दर तिमाहीला जाहीर होतात.

नियम पाळला जातोच असं नाही. पण मोडला तर मोजला जातो.

आपल्याकडे केसपेपरवर एक शब्द लिहितात: 'पोस्टपोन्ड'. कुणी केलं, का केलं, कधीपर्यंत, काही नाही. जणू ऑपरेशन आपलं आपणच उठून पुढच्या महिन्यात जाऊन बसलं.

आता या शब्दाचं बाहेर काय होतं ते बघा. दाजींचा मुलगा पुण्यात खासगी नोकरीत आहे. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, "अरे जा, वडील आधी." दुसऱ्या वेळी म्हणाले, "परत?" चौथ्या वेळी कागद मागितला. झालेल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मिळतं. न झालेल्या ऑपरेशनचा दाखला कोण देतं?

त्याची रजा संपली. बापाची ब्लॉकेजेस शिल्लक आहेत.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे; नाक मुरडायचं कारण नाही. गळ्यात ओळखपत्र घातलेला आरोग्यमित्र काउंटरवर बसतो, कागद लावून देतो. पण जिन्याखाली सतरंजीवर झोपणाऱ्या नातेवाइकाचा वडापाव कुठल्याच पॅकेजात बसत नाही. त्याची बुडालेली हजेरी तर नाहीच नाही. गाडगेबाबांनी गावोगावी धर्मशाळा का बांधल्या, हे कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रात्री 2 वाजता कळतं. पेशंटला बेड असतो. त्याच्याबरोबर आलेल्याला रखवालदार असतो.

असो. हॉस्पिटलला झोडपणं सोपं आहे, टाळ्याही पडतात. या आठवड्याचा आरोपी दुसराच आहे.

'काही लागलं तर सांगा.'

हे वाक्य तुम्ही म्हटलं आहे. मीही म्हटलं आहे. म्हणून झालं की छान हलकं वाटतं. कुणाला? म्हणणाऱ्याला. ज्याला लागतंय त्याने आधी विचार करायचा, मग संकोच गिळायचा, मग तुमची वेळ बघायची, मग फोन करायचा, आणि तुम्ही म्हणायचं, "अरे, नेमकं आजच..." मदतीचा हा असा चेक आहे, ज्यावर रक्कमही घेणाऱ्याने लिहायची आणि सहीही त्यानेच करायची.

ताईने पाच महिन्यांत हे वाक्य किती वेळा ऐकलं, याचा हिशेब तिच्याकडे नाही. त्यावरून प्रत्यक्ष कुणाला किती वेळा सांगितलं, याचा आहे. एकदाही नाही.

का नाही सांगितलं? कारण पहिल्या तारखेला सगळे येऊन गेले होते. "एकदा आले ना बिचारे, परत कसं बोलवायचं?" मदत ही आपल्याकडे आहेरासारखी असते. लग्नात एकदा पाकीट दिलं की दिलं. लग्न पुढे ढकललं म्हणून कुणी दुसरं पाकीट देतं का?

पहिल्याच दिवशी 'दाजी बायपास' नावाचा ग्रुप निघाला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत दीडशे मेसेज. हात जोडलेले, दिवे लावलेले, गणपती, स्वामी, साईबाबा. चौथ्या तारखेला दोन मेसेज आले. त्यातला एक 'शुभ सकाळ' होता आणि दुसऱ्यात कोणी तरी स्वस्त गव्हाची जाहिरात टाकली होती.

मग सल्लागार आले. ते तारीख बघून येत नाहीत. एक म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरे म्हणाले, आमच्या ओळखीचे आहेत, पण सध्या बाहेरगावी आहेत. तिसऱ्यांकडे अर्जुनाच्या सालीचा काढा होता. चौथ्यांनी मात्र कमाल केली. चार वेळा टळतंय, म्हणजे देवाच्याच मनात नाही, हा संकेत ओळखा, असं त्यांनी ताईला शांतपणे समजावलं.

ताई म्हणाली, "देवाच्या मनात काय आहे ते मामाला विचारते. त्याला आधी कळतं."

सगळेच असे नाहीत, हेही सांगायला हवं, नाहीतर आत्याबाई फोन करतील. ताईच्या समोरच्या दारातल्या काकू. त्या हॉस्पिटलात एकदाही फिरकल्या नाहीत. काही लागलं तर सांगा असंही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या तारखेच्या सकाळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "घराची एक किल्ली माझ्याकडे ठेवू का?" तेव्हापासून दूध आत जातं, कुंड्यांना पाणी मिळतं, नात शाळेतून घरी येते आणि तिचा पाढाही पाठ करून घेतला जातो. तारीख असो वा नसो.

आणि दाजींचे एक जुने मित्र, एसटीतून निवृत्त झालेले. ते तारखेच्या दिवशी येत नाहीत. तारीख पुढे गेली की दुसऱ्या दिवशी येतात. घरी. पत्ते घेऊन. "आज काय होणार नव्हतंच, बस," म्हणतात आणि रमीचे तीन डाव टाकतात. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटजवळ डॉक्टर असतात, सिस्टर असतात, अंगारा असतो. ऑपरेशन न झालेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी त्या माणसाजवळ कोण असतं? मनाची सगळी तयारी करून, मुलाला बँकेच्या पासबुकाची जागा दाखवून, बायकोकडे जरा जास्त वेळ बघून तो आत जायला निघालेला असतो. आणि संध्याकाळी त्याच घरी, त्याच खुर्चीत, तोच टीव्ही.

दाजी चौथ्या वेळी घरी परतले तेव्हा पासबुक पुन्हा कपाटात ठेवलं नाही. टीव्हीवरच ठेवलंय. "सारखं काय काढायचं," म्हणाले.

चौथ्या तारखेला डबा एकच आला होता. काकूंचा. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, ताक. पेशंटसाठी नव्हता, ताईसाठी होता. टपरीमागच्या बाकड्यावर बसून आम्ही दोघांनी तो खाल्ला आणि ताई पाच महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली, "भूक लागली होती रे."

एकवीस माणसांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पाचवी तारीख येत्या गुरुवारची आहे. गोळी शनिवारपासून बंद आहे, साखर 140 आहे, पितृपक्ष संपला आहे, कॉम्प्रेसर नवा बसलाय असं मामा सांगतो. सकाळचा डबा काकूंचा. बुधवारी रात्री आणि गुरुवारी रात्री पॅसेजमधल्या बाकड्यावर बसायला माणूस हवा आहे. तारीख सहावी पडली तर तेव्हाही हवा आहे.

हे सदर आमचे बरेच नातेवाईक वाचतात. काही लागलं तर सांगा, म्हणाला होतात ना?

लागतंय. सांगितलं.