म-कारापहार: जव्हार-मोखाडा सीमेवरील एका अनुप्रासविषयक अन्यायाची मीमांसा

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा निघाला तेव्हा कचेऱ्या, कपाटे आणि खुर्च्या यांची वाटणी झाली. अक्षरांची वाटणी कुणाला सुचली नाही. तिचा जुना घोळ जव्हार आणि मोखाडा या शेजारी तालुक्यांत अजून तसाच पडून आहे, आणि त्यावर एकही समिती नेमली गेलेली नाही.

फिर्याद अशी. पर्यटनाच्या इंग्रजीत जव्हारला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. ‘छोटे महाबळेश्वर’ म्हटले असते तर कुणी मान वळवून पाहिले नसते. दोन म शेजारी बसले आणि काम झाले. पण त्याच रस्त्याने त्र्यंबकच्या अंगाला पुढे गेले की मोखाडा लागतो. महाबळेश्वर, माथेरान, म्हैसमाळ, मसुरी, मुन्नार, माउंट अबू या पंगतीत तो निमूट सातव्या पाटावर बसला असता. (पाचगणी आणि पन्हाळा हे प-पक्षीय, त्यांचा समाचार पुढेमागे घेऊ.)

जव्हारला म ची नड होती म्हणावे, तर तेही नाही. गादी स्थापणारे जयबा, राजवाडा जय विलास, म्हणजे घरचा ज मुबलक. उलट राजघराण्याचे आडनाव मुकणे, आणि शेवटचे राजे यशवंतराव यांचे वडील तर मार्तंडराव मुकणे! तेव्हा म ची ही नेआण पर्यटन खात्याच्या कितीतरी आधीची, संस्थानी आहे. स चेही तेच. सूर्यमाळ मोखाड्यात, सनसेट पॉइंट मात्र जव्हारात. मोखाड्याचा सूर्य मावळायलासुद्धा जव्हारला जातो की काय, हा प्रश्न भूगोलाचा असल्याने येथे सोडून देतो.

आता मूळ शास्त्र. इंग्रजांचे पूर्वज यमकाच्या नादी फारसे लागत नसत. ते ओळी अनुप्रासावर बांधत. ‘बेओवुल्फ’ हे तीन हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य असेच बांधलेले आहे. ओळीचे दोन तुकडे, मध्ये विराम, आणि ज्या शब्दावयवांवर आघात त्यांचा आरंभीचा ध्वनी दोन्हीकडे सारखा. त्यांत स्वरांना मोठी सवलत होती: कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळलेला धरत. व्यंजनांना ही मुभा नाही. या कसोटीवर ‘मिनी महाबळेश्वर’ काठावरच नापास होईल, कारण इतक्या लांबलचक नावाच्या पहिल्याच म वर इंग्रजी जिभेचा आघात पडणे अवघड. चोरीचा माल, आणि तोही नीट वापरता आला नाही.

ध्वनी जुळायचा, चिन्ह नव्हे, हे कलम आमचे इंग्रजी लिहिणारे हमखास विसरतात. ‘सिटी कॉर्नर’ रोमन लिपीत झकास दिसते, कानाला काहीच लागत नाही. ‘कूल कॉर्नर’ मात्र खणखणीत. सरदार या अर्थाचा ‘नाइट’ आणि ‘किंग’ यांची आद्याक्षरे रोमन लिपीत एक, उच्चारात एकमेकांशी बोलणेचालणे नाही. ‘फॅमिली फोटो’चे नेमके उलटे. आमची शिफारस अशी की इंग्रजीत अनुप्रास साधला असे वाटले, की तो आधी देवनागरीत उतरवून पाहावा. निम्मे अनुप्रास तिथेच गळतील.

देवनागरीही साव नाही, हे कबूल करायला हवे. जीप आणि जांभूळ एकाच ज ने लिहायचे, म्हणायचे मात्र दोन तऱ्हांनी. दाभोशाच्या धबधब्याची गोष्ट याहून मजेची. लेंडी नदीवरचा हा धबधबा पाहून आलेला पाहुणा इंग्रजीत ‘डिलाइटफुल दाभोसा’ लिहितो आणि स्वतःवर खूश होतो. रोमन लिपीत दोन्हीकडे तेच अक्षर. मराठी कानाला मात्र एक ड, टाळूला टेकून आलेला, आणि एक द, दातांवरून निसटलेला. ह्यांना अनुप्रासात बसवणे म्हणजे चुलत्याला जावई म्हणून मांडवात उभे करणे.

उसन्या इंग्रजीवाचून मोखाड्याचे अडत होते का, हेही तपासू. इथला बोहाडा प्रसिद्ध आहे: संबळाच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे रात्री नाचत येतात, चेहऱ्यावर भलेथोरले मुखवटे बांधून. आता ‘मोखाड्याचे मुखवटे’ हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. म मागून ख, पुन्हा म मागून ख, त्याच क्रमाने, एकदाच. आमच्या अलंकारशास्त्रात याला छेकानुप्रास म्हणतात, छेक म्हणजे चतुर. वर ‘मोखाडा-बोहाडा’ हा शेवट जुळवणारा प्रकार घरचाच, फुकट. इतके पदरात असताना तालुक्याने एका मिनीसाठी झुरावे, हे आम्हांस पटत नाही. पण फिर्याद मागे घेण्याइतकेही पटत नाही.

तातडीची बाब वेगळीच आहे. मोखाडा तालुक्यातच खोडाळा आहे, आणि लोणावळ्याशेजारी खंडाळा. ख, ड, ळ: तीन व्यंजने, क्रम तोच, अनुस्वाराचा फरक सोडला तर दोन गावांत हरकत घ्यायला जागाच नाही. ‘मिनी खंडाळा’ ही पाटी रंगवून खोडाळ्याच्या नाक्यावर लौकर ठोकावी, रंगारी गावातलाच असावा, आणि पाटी रंगवून होईपर्यंत जव्हारात याची वाच्यता होऊ देऊ नये.