गॅस गिझरच्या आडून वार करणाऱ्यास

कार्बन मोनॉक्साइडा,

नमस्कार लिहावा अशी तुझी लायकी नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुझी हुशारी वादातीत आहे. रंग नाही, वास नाही, घशात साधी खवखव नाही. एलपीजी गळाली तर कळावी म्हणून तिच्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात. तू त्याच गॅसच्या अर्धवट जळण्यातून जन्मतोस आणि तो वास ज्योतीतच जाळून येतोस. ‘वास येत नाही ना, मग गळती नाही,’ म्हणत आम्ही निर्धास्त. गळती नसतेच, तू असतोस.

डिसेंबरातली सकाळ. एवढंसं बाथरूम, थंडी नको म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर चिकटवलेला थर्माकोल, दाराच्या फटीत कोंबलेलं पायपुसणं आणि भिंतीवर गॅस गिझर. पहिल्या अंघोळीला ज्योत निळी असते. तिसऱ्या-चौथ्या अंघोळीपर्यंत आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत पिवळी पडते, गिझरच्या वरच्या जाळीला काजळी धरते. आता तुझं राज्य. आणि बहुतेक घरांत शेवटी अंघोळीला कोण जातं? सगळ्यांचे डबे भरून झालेली बाई. बळी बरा निवडतोस!

पुढचं कामही चोख. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तू ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ओढीनं चिकटतोस, त्याची जागा अडवतोस आणि मेंदूला उपाशी ठेवतोस. डोकं जड होतं, मळमळतं. फ्रिज कशाला उघडला ते आठवत नाही. दूध उतू जातं आणि समोर उभ्या बाईला ते दिसत नाही. घरचे म्हणतात पित्त झालं, शेजारीण म्हणते बी-१२ तपास, सासूबाईंचं असेल तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. तू नामानिराळा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही ९८ दाखवू शकतो, कारण हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की तू, हे त्याला ओळखताच येत नाही. साध्या हवेत तू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. म्हणजे दुपारी दवाखाना गाठेपर्यंत अर्धा पुरावा गायब.

डोक्यातलं प्रत्येक धुकं तुझंच असतं असं मी म्हणत नाही. थायरॉइड, अपुरी झोप, रक्ताची कमतरता, कोविडनंतरचा थकवा, सगळ्यांची चौकशी व्हायलाच हवी. पण त्या यादीत तुझं नाव कुणी घेतच नाही, याचा मला संताप आहे. बाथरूममध्ये जीव घेतलास तर पेपरात बातमी येते. वाचलेल्यांपैकी काहींना काही आठवड्यांनी विसरभोळेपणा आणि मंदपणा गाठतो, तेव्हा गिझर कुणाच्या लक्षात असतो?

वाचकहो, याच्याशी बोलून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगते. थर्माकोल आजच काढा. गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच अंघोळ करा. चक्कर आली तर आधी उघड्यावर या आणि लगेच दवाखाना गाठा. अंघोळीनंतर डोकं जड होत असेल आणि घराबाहेर पडल्यावर हलकं वाटत असेल, तर डॉक्टरांना ‘घरात गॅस गिझर आहे’ हे आधी सांगा आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासायचं का, ते विचारा.