बिनजंगलाची करवत

मीरा-भाईंदरमध्ये आवारातल्या बदामाची फांदी कुणाच्या खिडकीत शिरली, तरी ती तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. १९७५च्या कायद्याने तशी तजवीजच करून ठेवली आहे. अशा शहरात, पाचव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत राहून पेट्रोलवर चालणारी चेनसॉ बाळगणाऱ्या गृहस्थाचं काय करायचं? दर दोन-तीन कॉम्प्लेक्सांमागे असा एकजण सापडतोच. साठी उलटलेली असते, नोकरी कुठल्यातरी कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात झालेली असते, आणि लालबाग-गिरगावची खोली सोडून तो ऐंशी-नव्वदच्या दशकात, इकडे जागा स्वस्त होत्या तेव्हा आलेला असतो. पोरं त्याला इंजिनकाका म्हणतात. बिल्डिंगखालच्या पार्किंगमधला खांबामागचा कोपरा त्याचा. तिथे ताडपत्रीखाली एक चेतक, चाकं नसलेली एक लूना, इन्व्हर्टर येण्याआधीच्या काळातला एक केरोसीनचा जनरेटर, गावाहून आणलेला ग्रास कटर आणि अलीकडेच कुर्ल्याच्या भंगारातून उचललेली ती चेनसॉ, असा संसार मांडलेला असतो. येणारे-जाणारे विचारतात, ‘‘काय काका, सुरू झालं का?’’ काका ‘‘होईल, होईल’’ म्हणतात. लोकांची समजूत अशी, की बिचाऱ्याला ते सुरू करायचं आहे आणि जमत नाही. ही समजूत मुळातच चुकीची आहे. काकांना बंद पडलेलं इंजिनच हवं असतं. इंजिन सुरू होणं हा या छंदातला अपघात आहे, आणि तो होईल तितका लांबवण्यात त्यांचं कौशल्य आहे.

पुरावा म्हणून आधी ती करवतच घेऊ. हिच्याबद्दल काकांना सगळं ठाऊक असतं. साखळीची पहिली करवत अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडच्या एटकिन आणि जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाडं कापायला बनवली, हे ते सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना सांगतात. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टीलने विजेवर चालणारी चेनसॉ काढली, आणि पुढे अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून आजच्या साखळीचे दात घडवले, हेही त्यांना पाठ असतं. फिलिपिन्समध्ये २००२च्या कायद्याने चेनसॉची सरकारदरबारी नोंद करावी लागते, हे सांगताना तर आपल्याकडे तसं काही नाही याची त्यांना किंचित खंत वाटते. माहीत नसतं ते एवढंच, की हिने लाकूड कापताना हाताला काय वाटतं. तपासून पाहण्यापुरतासुद्धा ओंडका त्यांनी आणलेला नसतो. कापण्यासाठी कुणी मागायला आलं, तर ‘‘अजून काम बाकी आहे’’ असं ऐकवून ते त्याला परत पाठवतात. ज्याला करवतीशी कर्तव्य आहे तो असं वागणार नाही.

आता काकांना काम करताना जवळून पाहा. ते आधी प्लग काढतात आणि वैद्याने जीभ पाहावी तसं त्याचं टोक उजेडात धरतात. भुरकट असेल तर प्रकृती ठीक, काळा मेणचट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. मग प्लग पुन्हा कॅपमध्ये बसवून सिलिंडरच्या पाकळ्यांना टेकवतात, दुसऱ्या तळहाताने त्यावर सावली करतात, आणि नातवाला रश्शी ओढायला सांगतात. निळी ठिणगी दिसली की ‘‘करंट आहे’’ असा निकाल. त्यानंतर प्लगच्या भोकावर अंगठा. रश्शी ओढताच अंगठा उडाला तर ‘‘कॉम्प्रेशन आहे’’. राहता राहिलं पेट्रोल, म्हणजे कार्बोरेटर, आणि इथे काकांचा आवाज खाली येतो. चेतकच्या कार्बोरेटरात फ्लोट असतो, म्हणून ती रुसली की तिला आडवी करायची, हे एका अख्ख्या पिढीला ठाऊक आहे. करवतीला मात्र झाडावर कुठल्याही कोनात चालायचं असतं, म्हणून तिच्यात फ्लोटऐवजी रबरी पडदा. नखाएवढ्या त्या डायफ्रामला इंजिनाच्या धडधडीनेच धक्का मिळतो आणि तोच पेट्रोल खेचून घेतो. तो कडक झाला की सारं ठप्प. वर्तमानपत्र पसरून, स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवून, काका हा पडदा चिमट्याने उचलतात तेव्हा खालच्या मजल्यावर आग लागली तरी त्यांना उठवू नये. करंट, कॉम्प्रेशन, पेट्रोल. बंद पडण्याची कारणं तीनच, आणि तिन्ही बोटांना लागतात.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. इंजिनकाका ज्या शहरात राहतात तिथे दिवसभर काही ना काही बंद पडत असतं, पण का, ते कुणाला कळत नाही. दहिसरच्या पुढे लोकल थांबते, ‘तांत्रिक कारणामुळे’. पाणी शहाड-टेमघरहून आणि एमआयडीसीकडून येतं, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी ते नक्की कुठे अडलं यावर प्रत्येक विंगचं स्वतंत्र मत असतं. लिफ्ट बंद पडली तर कंपनीचा माणूस येतो, लॅपटॉप जोडतो आणि काही न सांगता जातो. वॉशिंग मशीनवाला झाकणसुद्धा न उघडता ‘‘बोर्ड गेलाय, बदलावा लागेल’’ म्हणतो. बोर्डाचं काय गेलं, असं काका विचारतात, तर तो त्यांच्याकडे दयेने पाहतो. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मशीनच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखलं, त्याला ही दया झोंबते. केंद्र सरकारनेही २०२२ साली ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, म्हणजे हे दुखणं एकट्या काकांचं नाही. पण समितीची वाट कोण बघणार! काकांनी आपल्यापुरता तोडगा काढला. १९७२ साली आकुर्डीहून चेतक आणि नगरहून लूना आली, त्या जमान्यातली यंत्रं त्यांनी जवळ केली. ही यंत्रं बंद पडतात ती सकारण, आणि कारण सांगूनही टाकतात. सुरू झालेलं इंजिन मात्र काहीच सांगत नाही. म्हणून करवत चुकून सुरू झालीच, तर काका मिनिटभर ऐकतात, चेहरा पाडतात आणि ‘‘आवाज बरोबर नाही’’ म्हणून पुन्हा पाना घेतात.

या सिद्धांताला अलीकडे सरकारकडूनच भक्कम आधार मिळाला आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं २०३०चं उद्दिष्ट जेव्हा २०२५वर आणलं गेलं, तेव्हा जुन्या गाड्यांचे मालक हवालदिल झाले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि भाईंदरला एका बाजूने खाडी, दुसरीकडून समुद्र आणि मधे मिठागरं, म्हणजे हवेत ओलीला तोटा नाही. पेट्रोल टाकीत चार-सहा महिने पडून राहिलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, जुन्या घडणीचं रबर फुगतं किंवा कडक होतं, जेटमध्ये पांढरी भुकटी धरते. चालू इंजिनाची आस असलेल्या माणसाने हे वाचून कपाळावर हात मारला असता. काकांनी नवीन डायफ्रामची दोन किटं मागवली आणि त्या आठवड्यात ते कधी नव्हे इतके प्रसन्न दिसत होते. आता मुद्दाम काही करावं लागत नाही. नुसतं पेट्रोल घालून ठेवायचं आणि पावसाळा जाऊ द्यायचा.

आक्षेप अर्थातच पुष्कळ आहेत. पहिला पैशाचा. नवी, चिनी बनावटीची करवत पाच-सहा हजारांत घरपोच येते. जुनीला मात्र किट, रिंगा, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातल्या लेथवाल्याचं बिल आणि नागदेवी स्ट्रीटच्या फेऱ्या, हे धरलं तर रक्कम कधीच पुढे गेलेली असते. हिशेब बरोबर आहे, तुलना चूक आहे. काकांचा खर्च करवतीशी ताडायचा नसून त्यांच्या वयाच्या इतरांच्या विरंगुळ्याशी ताडायचा. सेबीने २०२४ साली दाखवून दिलं, की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर किरकोळ लोकांतले ९३ जण तीन वर्षांत तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाखांच्या घरात. दोन लाखांत किती कार्बोरेटर येतात, याचा हिशेब समोरच्या विंगमधल्या शेअरवाल्या शहांनी करून पाहावा. दुसरा आक्षेप धुराचा. टू-स्ट्रोक इंजिन चौथ्या हिश्शाच्या आसपास पेट्रोल न जाळताच धुराड्यातून बाहेर टाकतं, हे खरं. पण हे इंजिन वर्षातून दहा मिनिटंही चालत नाही. खोललेल्या इंजिनाइतकं स्वच्छ इंजिन अजून कुठल्या कंपनीला बनवता आलेलं नाही. आवाजाचंही तेच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आणि ही बया शंभराच्या वर ओरडणारी, त्यामुळे काका तिची चाचणी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घेतात. त्या तासाभरात तिचा आवाज कुणालाच वेगळा ऐकू येत नाही.

आगीच्या बाबतीत मात्र काकांची बाजू घेता येत नाही. सेक्रेटरीने हटकलं की ते १९३४चा पेट्रोलियम कायदा काढतात आणि विक्रीसाठी नसलेल्या तीस लिटरपर्यंतच्या पेट्रोलला परवाना लागत नाही, असं बजावतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गॅलरीत देवघर आणि देवघरामागे कॅन, अशी रचना नसावी. तिथे सेक्रेटरीचंच बरोबर आहे, आणि कॅन खाली गेला पाहिजे.

उत्तनला जाऊन आलेले लोक आणखी एक मुद्दा मांडतात, आणि तो जरा वजनदार आहे. तिथे चौक-पालीच्या किनाऱ्यावर इंजिनं दुरुस्त होतात ती पोटासाठी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेवढ्या ६१ दिवसांत होड्या ओढून घ्यायच्या, इंजिनं उतरवायची, आणि बंदी उठली की दर्यात लोटायची. तिथला मेकॅनिक खरा, काकांचं आपलं खेळणं, असं हे म्हणणं. खेळणं आहेच. पण उत्तनच्या मेकॅनिकला इंजिन चालू करायचं असतं, कारण त्यावर घर चालतं. दोष सापडो न सापडो, गरज पडली तर अख्खा पंप बदलून तो मोकळा होतो. काकांना ही सवलत नाही. सुटा भाग बदलून इंजिन चाललं आणि जुन्या भागाचं काय बिनसलं होतं ते कळलं नाही, तर त्यांना रात्री झोप येत नाही. काका अधूनमधून बसने उत्तनला जाऊन होडीच्या इंजिनाशेजारी हात मागे बांधून उभे राहतात. नाखवा त्यांना चहा देतो आणि पान्याला हात लावू देत नाही. दोघांनाही एकमेकांचं बरोबर कळलेलं असतं.

सर्वांत जुना आक्षेप काकूंचा. ‘‘अहो, जगाची इंजिनं उघडता, तो स्वयंपाकघरातला नळ गणपतीपासून गळतोय!’’ वरवर पाहता याला उत्तर नाही, आणि काकाही देत नाहीत. पण माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. नळ का गळतो, ते सगळ्यांना माहीत आहे. वायसर गेलाय. शोधण्यासारखं काहीच नाही, उरलं आहे ते नुसतं काम. दुरुस्तीचा शौक असता तर काकांनी नळ पाच मिनिटांत केला असता. काकूंनी हे केव्हाच ओळखलं आहे. म्हणून त्या प्लंबरला परस्पर बोलावतात, आणि मिक्सर बिघडला की मात्र ‘‘मिक्सर बंद पडलाय’’ असं न म्हणता ‘‘मिक्सरमधून कसला तरी वेगळाच आवाज येतोय, मला काही कळेना’’ असं म्हणतात. मिक्सर तासाभरात खोललेला असतो.

राहिला प्रश्न सुरू झालेल्या इंजिनांचा. दुसरं कुठलंच निमित्त उरलं नाही की यंत्र कोकणात थोरल्या भावाकडे जातं, काजूच्या बागेतलं गवत काढायला ग्रास कटर, वठलेला फणस पाडायला करवत. गणपतीच्या जादा एसटीच्या टपावर पोत्यात गुंडाळून काका ते स्वतः पोचवतात, टाकी रिकामी करून. टू-स्ट्रोकला लिटरमागे वीस मिली ऑईल मिसळावं लागतं, जुन्या घडणीच्याला चाळीस. नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर पिस्टन तापून सिलिंडरलाच धरतो. थोरला भाऊ दरवर्षी नुसतं पेट्रोल घालतो, यंत्र दरवर्षी शिमग्याच्या आत जाम होतं आणि त्याच पोत्यातून मीरा रोडला परत येतं. काकूंनी एकदा विचारलं होतं, की भाऊजींना ते ऑईलचं तुम्ही नीट सांगत का नाही. काका म्हणाले, ‘‘सांगायचं राहूनच जातं बघ,’’ आणि रिंगांचं माप घ्यायला खाली गेले.