अकरा महिन्यांचं पर्यावरण

पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधला पंखा 75 वॅटचा. वारा कमी, कुरकुर जास्त. रेग्युलेटर जुना, डब्यासारखा. पंखा हळू केला की रेग्युलेटरच तापतो.

घरमालकांना विचारलं, "काका, 30 वॅटचा बीएलडीसी पंखा बसवू या?"

"बसवा की! बिल तुम्हीच भरता ना?"

खरंच आहे. पंखा त्यांचा, बिल माझं, करार 11 महिन्यांचा. पंख्याचे पैसे वसूल व्हायच्या आत माझंच बिऱ्हाड हलणार.

गच्चीवर सोलर आहे हं! मिळकतकरातली सवलत काकांना. मला गरम पाणी, तेही चार बादल्या गार पाणी सोडून दिल्यावर. मग गुपचूप गीझर लावतो.

जाहिरातीत मात्र फ्लॅट 'इको-फ्रेंडली'. बाल्कनीत तुळस आहे ना! तीही आधीच्या भाडेकरूची.