खिम्याची हेळसांड

मटणाच्या तुकड्यांना आपल्याकडे जो मान आहे, त्याच्या पाव हिस्साही खिम्याच्या वाट्याला येत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस सीना, चाप, नळी, मऊ हाड यांवरून दुकानदाराशी तावातावाने बोलतो. बोकड कोवळा आहे ना, कधी कापला, हे खोदून खोदून विचारतो. तोच माणूस शेवटी "आणि अर्धा किलो खिमा टाका" एवढंच म्हणतो आणि खिशातून मोबाइल काढतो. पुढे त्या अर्ध्या किलोत काय पडतं, कुठून पडतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या अंगाला. तुकडा तापला की आधी तापतं ते बाहेरचंच अंग, त्यामुळे बरंचसं काम तिथेच होतं. तोच तुकडा मशीनमधून काढला की बाहेरचं सगळं आत जातं आणि कणाकणाला लागतं. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं अखंड तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस पुरे म्हणतं आणि खिम्याला ७१ अंश मागतं. तिथे १९९३ साली कच्चट राहिलेले बीफचे बर्गर खाऊन ७०० हून अधिक माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. दुसऱ्याच वर्षी ई. कोलाय ओ१५७ हा जंतू सापडलेला कच्चा खिमा भेसळयुक्त समजायचा, असं सरकारने ठरवलं. आपण रश्शात सगळं रटरटा शिजवतो म्हणून पुष्कळदा निभावून जातं. पण तव्यावर घाईघाईत परतलेलं जाडजूड खिमा पॅटिस मधून फोडून पाहा. रंगावरही भरवसा ठेवू नका. खिमा कधी पुरता शिजण्याआधीच तपकिरी दिसतो.

आता दुकान. माझी मुख्य तक्रार मशीनबद्दल आहे. सकाळी सातला सुरू झालेलं मशीन दुपारी एकपर्यंत एकदाही उघडून धुतलेलं मी पाहिलेलं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा शेवटचा मूठभर खिमा नळीत अडकून राहतो, तो माझ्या पिशवीत येतो. माझा मूठभर नळीत राहतो, तो पुढच्याच्या पिशवीत जातो. मे महिन्यात त्या नळीत किती ऊब असेल, याचा विचार करा. काही दुकानांत त्याच मशीनमधून चिकनचाही खिमा निघतो. मी पुढे होऊन मशीनमध्ये काय टाकताय ते बघायला लागले की उत्तर ठरलेलं असतं, "ताई, तुम्ही तिकडे बसा, देतो ना करून." आणि नवरा बरोबर असला की प्रश्न त्याला, "साहेब, बारीक काढू की जाड?" साहेबांना त्यातलं काही कळत नाही. ते माझ्याकडे बघतात, मी सांगते, आणि दुकानदार पुन्हा त्यांच्याकडे बघून मान हलवतो.

खिम्याला मांस कुठलं, हे आपण सांगायचं असतं. न सांगितलं तर सकाळपासून ठोकळ्याच्या कडेला साचलेली छाट, पडदे, शिरा, सगळं त्यात जातं. मशीनला काही फरक पडत नाही, दातांना पडतो. मी खांद्याचं मांस मागते, थोडं रानाचं, आणि समोर तुकडा दाखवून मगच टाकायला लावते. चरबीचंही बोलून घ्यावं लागतं. नुसत्या रानाचा खिमा भुशासारखा कोरडा होतो आणि चरबी फार झाली की कढईत तेलाचं तळं साचतं. शंभर भागांत पंधरा-वीस भाग चरबी असली की खिमा ओलसर राहतो आणि खाताना जड वाटत नाही. अमेरिकेत बीफच्या खिम्याच्या पाकिटावर ८०-२० किंवा ९०-१० असं ठळक छापलेलं असतं, आणि चरबी तीस टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही असा तिथला नियम आहे. न्यू जर्सीतली माझी भाची पाकीट उचलतानाच ठरवते की यातून रस्सा करायचा की कबाब. मला इथे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर दिसतो, पण चरबीचा आकडा तोंडी विचारला तर दुकानदार हसतो.

वजनाचं तर विचारूच नका. तुकडा हाडासकट तोलायचा, मग हाड काढून बाजूला ठेवायचं आणि उरलेलं मशीनमध्ये घालायचं, ही पद्धत सर्रास आहे. पैसे हाडाचेही द्यायचे असतील तर हाडं माझी आहेत. त्यांचं अळणी होतं, पुलावाला पाणी होतं. ती मागितली की दुकानदार आश्चर्याने बघतो आणि मागे उभी असलेली मंडळी सुस्कारे सोडतात. सोडू देत.

हाताने सुऱ्यावर केलेला खिमा मिळत असेल तर अर्धा तास थांबायची माझी तयारी आहे. त्यात कण सुटे राहतात, मांसाचा लगदा होत नाही. मशीनचं पातं बोथट असलं की ते कापत नाही, चेचतं. बाहेर येतो तो गुलाबी चिखल. हे इतकं उघड दिसत असताना पातं महिनोन् महिने बदललं जात नाही.

घरी आल्यावर दुसरा छळ सुरू होतो. काळ्या पातळ पिशवीतला खिमा, गाठ न सोडता, जसाच्या तसा गोळा फ्रीझरमध्ये कोंबायचा, ही घरोघरची रीत. फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आत खिमा एक-दोन दिवस टिकतो, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन-चार महिने चवीला चांगला राहतो. हे आकडे थंडी आतपर्यंत पोचली तर खरे. किलोभराच्या गोळ्याचा मधला भाग गार व्हायला कितीतरी तास लागतात. मग तो बाहेर काढतात तेही ओट्यावर, सकाळी. दुपारपर्यंत वरचा थर करडा, लिबलिबीत होऊन पाणी सोडतो आणि आत दगड तसाच. कुणीतरी तो खलबत्त्याच्या बत्त्याने फोडायला लागतं. अर्धा वापरतात आणि उरलेला अर्धा परत फ्रीझरमध्ये! कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हे सांगितलं की मला घरात फार शिकलेली म्हणतात.

खिमा पाव-पाव किलोचा करून जाड पिशवीत भरावा, तळहाताने दाबून बोटभर जाडीची पोळी करावी, हवा काढून तोंड बंद करावं, वर तारीख लिहावी. सुरीच्या पाठीने पिशवीवरूनच चौकोन आखले तर लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. अशी पोळी रात्री फ्रीजच्या खालच्या खणात ताटलीत ठेवली की सकाळी मोकळी झालेली असते. एवढ्याशा कामाला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं आमच्या घरात दुसरं कुणीही देत नाही.

तितकाच जाच उलट्या बाजूनेही आहे. खिमा आतून तपकिरी दिसला की सासूबाई तो शिळा ठरवतात. वरचा भाग लाल दिसतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे. आत हवा पोचत नाही म्हणून तिथे रंग काळपट असतो. शिळा खिमा वासाने कळतो, चिकट स्पर्शाने कळतो. आणि ताज्या खिम्याला चाळणीत धरून नळाखाली खळाखळा धुणं बंद करा. रस वाहून जातो, पाणी मुरतं आणि शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात.

त्या मुरलेल्या पाण्याचं फळ कढईत मिळतं. लोखंडी कढई चांगली तापवून खिमा थोडाथोडा टाकला, कालथ्याने लगेच सुटा केला आणि मग हात आवरून तसाच राहू दिला, तर पाणी आटतं, चर्र आवाज बदलून बारीक तडतड येते, आणि तेव्हा कुठे तो खरपूस होतो. पाणी आहे तोवर कढईतली उष्णता १०० अंशांच्या वर चढत नाही आणि तोवर मांस नुसतं उकडतं. हे सोडून लोक कांदा-टोमॅटोच्या ओल्या वाटणात कच्चा खिमा ओततात, गुठळ्या होतात, मग चार शिट्ट्या करून मोकळे होतात. बोकडाच्या खिम्याला परतल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास दिला तर शिट्टीची गरज पडत नाही. मुंबईतल्या इराणी हॉटेलातला खिमा पावाबरोबर मऊ लागतो तो अशाच सावकाश शिजण्याने. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बीफचे क्रोकेट करताना तर मांस आधी मसाल्यात शिजवतात, मग दळतात, आणि वळकट्या अंड्यारव्यात घोळवून तळतात. सीकेपी घरांतले खिम्याचे कानवले खाल्लेला माणूस खिम्याला दुय्यम म्हणू शकत नाही. तरी पाहुणे ताटाकडे बघून विचारतात, "आज मटण नाही का केलं?"

मटार शेवटच्या सात-आठ मिनिटांत घालायचे असतात आणि मूठभरच. अर्धा किलो खिम्यात पाऊण किलो मटार घालून त्याला खिमा म्हणणाऱ्यांनी ती मटारची उसळ आहे हे कबूल करावं.

राहता राहिलं उरलेलं पातेलं. "उद्या सकाळी गरम करू" म्हणून ते रात्रभर गॅसवरच झाकून ठेवतात. मोठं पातेलं सावकाश कोमट होत जातं, आणि शिजवूनही न मेलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू त्या उबेतच जागे होऊन वाढतात. उथळ डब्यात काढून दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवायला काही कष्ट नाहीत. "आमच्या वेळी कुठे होता फ्रीज?" असं सासूबाई म्हणतात. नव्हता, हे खरं. पण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्यांच्या वेळी खिमा सकाळी घरात सुऱ्यावर होत असे, दुपारी पंगतीला बसत असे, आणि संध्याकाळी पातेलं घासून पालथं घातलेलं असे. तसं करायचं असेल तर माझी हरकत नाही. पण आई, मग सुरा कोण धरणार ते आजच ठरवू या.